मरजानचा राजा

मेण्याच्या दांड्याखाली चार माणसं लागतात. दोन पुढे, दोन मागे. चौघांचे खांदे एका उंचीचे असले तर मेणा होडीसारखा जातो. नसले तर चौघांपैकी एकजण मरतो. देवासच्या जगदेवराव सरदारांच्या मेण्याखाली तो एकजण मरजान होता, आणि गणोजी भोयाला राग होता तो याचाच.

मरजान सिद्दी. त्याच्या पणज्याला कोकणच्या किनाऱ्यावर गलबतातून उतरवून कोणीतरी विकलं होतं. तिथून तो मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आला आणि घराणं जगदेवरावांच्या वाडवडलांच्या पदरी पडलं. बाप तोफेवर होता. तोफा गेल्या, तेव्हा मुलाला मेण्याखाली घातलं. घालायला नको होतं. गणोजी काय, बापू काय, सगळे भोई मरजानच्या खांद्याला लागायचे. असा उंच माणूस मेण्याला घेऊ नये. घेतलाच तर चढणीला मागे लावावा, उताराला पुढे, म्हणजे त्याची उंची कामी तरी येते. हे भोयाच्या घरच्या बायकांनाही ठाऊक असतं. पण जगदेवरावांना हबशी पुढे हवा. चढ असो, उतार असो, पुढेच.

"हबशी दिसला की लोक बाजूला होतात," ते म्हणायचे. "मग मागून आम्ही दिसतो."

म्हणून मरजान गुडघे मोडून चालायचा. कोणीही करून बघावं. गुडघे अर्धे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, खांद्यावर ज्वारीचं पोतं घ्यायचं आणि अंगणाला एक फेरी मारायची. मांड्या लटपटायला लागतात. मरजान असा देवासहून उज्जैनला जायचा नि परत यायचा. तरणा होता तेव्हापासून डोक्यात पांढरं येईपर्यंत तो असाच चालला.

गणोजीची जागा त्याच्या पाठीमागे, त्याच दांड्याखाली. मरजानची मान, मानेवरचा घाम आणि दोन कान, एवढंच त्याला वाटभर दिसायचं. रस्ता दिसायचा नाही. रस्ता पुढल्यानं सांगायचा असतो. मरजान सांगायचा, अर्धं मराठीत अर्धं माळवीत. "डाव्या अंगाला गड्ढा! पाणी आलं, भिया, घोट्याएवढं! आता चढ, दम धरा!" त्याच्या आवाजावर मागचे तिघं डोळे मिटून पाय टाकायचे. एवढ्या वर्षांत त्यानं कोणाला ठेच लागू दिली नव्हती.

सन १९०७ च्या वैशाखात जगदेवरावांच्या पुतण्याचं लग्न धारला ठरलं. आता टांगे होते, सडक पक्की होती. सगळे वऱ्हाडी टांग्यांतून निघाले. जगदेवरावांना मूळव्याध. टांग्याच्या एका हिसक्याला ते पांढरेफटक व्हायचे. पण तसं म्हणायचं कसं? "मेण्याचा मान आहे आमच्या घराण्याला," असं म्हणून ते मेण्यात बसले. मागून बैलांच्या दमणीत पडदा सोडून त्यांच्या पत्नी इंदिराबाई. बरोबर कारकून भास्करपंत, तट्टावर. आणि आठ भोई, आळीपाळीनं खांदा द्यायला.

बेटम्याच्या पुढे एका विहिरीवर मुक्काम पडला. इंदूरहून लग्नालाच निघालेल्या पाहुण्यांचे चार टांगेही तिथेच थांबले होते. भोयांनी पाय धुतले, भाकऱ्या सोडल्या, आणि मरजाननं त्याच्या राजाची गोष्ट काढली.

ही गोष्ट त्याला एका उरुसात मिळाली होती. त्याच्याच रंगाचा एक म्हातारा फकीर तिथे आला होता. फकीर आफ्रिकेच्या पार पश्चिमेकडचा. चालत मक्केला गेलेला, तिथून घरी न जाता इकडे भरकटलेला. मोडक्या हिंदुस्थानीत त्यानं मरजानला सांगितलं, की तुझ्यामाझ्यासारख्या माणसानं एकदा राज्य केलंय. तेव्हापासून मरजान बदलला होता. भोयांनी ती गोष्ट पुष्कळदा ऐकली होती, पण भाकरीबरोबर तोंडी लावायला बरी होती.

"माली नावाचा मुलूख," मरजान म्हणाला.

"माळ्यांचा? मग मिरच्या-वांगी चिक्कार असतील," बापू म्हणाला. थट्टा करण्याचं काम भोयांत त्याचं होतं.

"अबे गप. सोन्याच्या खाणी होत्या तिथे. तिथला एक राजा पागल निघाला. करमत नाही म्हणून माणसांवर बाण सोडायचा. जो दिसेल त्याच्यावर. शेवटी लोकांनीच त्याला मारला."

"हे बरं केलं," गणोजी म्हणाला.

"त्याच्यानंतर दुसरा आला, तो नरम. त्याच राजघराण्यात एक गुलाम होता, सुटका झालेला. त्याचं नाव सकूरा. त्यानं गादी घेतली."

"घेतली म्हणजे काय, दुकानातून?" बापू.

"घेतली म्हणजे घेतली. वर बसला." हे म्हणताना मरजानची पाठ आपोआप ताठ व्हायची. "आणि बसला तो नुसता बसला नाही. मुलूख समुद्रापर्यंत नेला. व्यापारी बिनघोर फिरायला लागले. मग तो हजला गेला. परतताना लुटारूंनी समुद्रकाठी मारला त्याला. तर बरोबरच्या माणसांनी काय केलं, मढं सुकवलं, कातड्यात शिवलं आणि तेवढ्या लांबून घरी नेलं. राजांच्या ओळीत पुरलं. गुलामाला, भिया!"

"नेलं कोणी?" गणोजीनं विचारलं.

"उंटावरून नेलं असेल."

"उंट आपणहून जातो का? हाकणारे असतील. वाळूत, उन्हात, त्या वासात. रोज उतरवायचं, रोज चढवायचं. त्यांची नावं सांगितली तुझ्या फकिरानं?"

"नाही."

"मग अर्धीच गोष्ट सांगितली त्यानं तुला."

"हा गणोजी मेलेल्या राजाकडूनही हमाली मागेल!" बापू म्हणाला, आणि सगळे हसले. मरजानही हसला.

ते हसणं जगदेवरावांच्या बैठकीपर्यंत गेलं. त्यांनी मरजानला बोलावून घेतलं. टांग्यांतले पाहुणे पान खात बसले होते. त्यांच्यासमोर त्याला गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मरजान भोळा. त्यानं हात हलवत, डोळे मोठे करत सगळी सांगितली. पाहुणे आधी ऐकत होते, मग एकमेकांना कोपरं मारायला लागले.

"काय म्हणालास, गुलाम गादीवर? अरे, मग जगदेवराव, जपा बुवा. हा तुमच्या मेण्यात कधी बसेल नेम नाही!"

जगदेवराव हसले नाहीत. पाहुण्यांत आपलं हसं झालं, हे त्यांना लागलं. ते मरजानकडे वळले. "उद्या धारेत शिरायचंय. सीमांतपूजनापासून जानवशापर्यंत भर पेठेतून. तुझ्या त्या राजासारखा चाल बघू. ताठ. गुडघा वाकलेला दिसला तर पाठ फोडीन. धारवाल्यांना कळू दे देवासचा हबशी केवढा असतो ते."

गणोजी लांब उभा होता. तो पुढे आला. "सरकार, तो ताठ झाला तर दांडा माझ्या खांद्यावरून उचलला जातो. पुढचा सगळा भार त्याच्या एकट्यावर येईल. दोघांचं ओझं एकाला होईल."

"तुला कोणी विचारलं?"

"कंबर मोडेल त्याची."

"मग तुझी वाचेल ना? तुला आरामच आहे की," जगदेवराव म्हणाले. पाहुण्यांना हेही आवडलं.

दुसऱ्या दिवशी धारेच्या वेशीबाहेर सीमांतपूजन झालं. ताशे वाजायला लागले. चौघांनी मेणा उचलला आणि मरजाननं गुडघे सरळ केले.

गणोजीच्या खांद्यावरचा दांडा वर गेला. टेकलेला होता, मग नुसता चाटायला लागला, मग सुटला. तिथे वारा लागला. भोयाचा खांदा मेण्याखाली असताना रिकामा असणं म्हणजे काय, हे दुसऱ्याला सांगून कळणार नाही. आंघोळीला बसलेला असताना दार उघडावं तसं वाटतं. गणोजी चवड्यांवर चालायला लागला. मान वाकडी करून, हात वर करून, तळव्यानं दांडा उचलायला लागला. हातानं किती उचलणार? मागचे दोघं आणखीच चिरडले, कारण मेणा मागे कलला होता.

"मरजान, वाक!" तो दातांतून म्हणाला. "वाक रे, हरामखोरा!"

मरजान वाकला नाही. पेठेच्या दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर माणसं होती. "अरे बाप रे, केवढा हबशी! भिया, देख तो!" असं वरून ऐकू येत होतं. मरजान डोकं वर करून चालला होता. मानेवरच्या शिरा दोरासारख्या टरारल्या होत्या. आणि तो रस्ता सांगत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प होता. मागच्या बापूचा पाय गटारात गेला, मेणा हिसकला, आतून जगदेवराव ओरडले. मरजाननं तो हिसका एकट्यानं सावरला. त्या वेळी त्याच्या अंगातून काहीतरी कट्कन वाजलेलं गणोजीनं ऐकलं. ताशांच्या गदारोळात ऐकलं.

जानवशात मेणा टेकला तेव्हा मरजान भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बसवेना म्हणून उभा राहिला.

"का नाही वाकलास?" गणोजीनं विचारलं.

"हुकूम होता."

"हुकूम गेला खड्ड्यात! मी मागून ओरडत होतो."

"ऐकू येत होतं," मरजान म्हणाला. "पेठेपुरतंच होतं रे, गणोजी. तेवढं चालून घेतलं."

गणोजी आणखी भडकला. त्यानं विहिरीवर जाऊन दोन घागरी पाणी डोक्यावर ओतून घेतलं. तरी राग जाईना. सरदार मूर्ख होता, हे जुनं होतं. पण मरजान मूर्ख नव्हता. त्याला सगळं कळत होतं आणि तरी त्यानं आपली कंबर पेठेत टाकली, याचा राग कोणावर काढावा?

लग्न झालं. जेवणावळी झाल्या. मरजान त्या दिवसांत पालथा पडून होता. बापूनं तेल चोळलं, शेक दिला. परतीच्या सकाळी मरजान उठला, काठीच्या आधारानं मेण्याच्या मागून चालायला लागला. त्याला मेण्याखाली खांदा लावू द्यायचा नाही, असं सातही जणांनी आपसात ठरवलं होतं. सरकारांना सांगितलं नाही.

बेटम्याच्या अलीकडे, सडकेच्या एका बाजूला पळसाची झाडं आहेत तिथे, मरजान पडला. ठेच नाही, काही नाही. पाय होते आणि पायांत तो नव्हता. गणोजीनं मेणा टेकायला लावला आणि मागे धावला. मरजानच्या मांडीला चिमटा काढला.

"कळलं?"

"काय कळायचं?" मरजान म्हणाला.

जगदेवरावांनी मेण्याचं दार सरकवलं. "काय झालं? का थांबलात?"

भास्करपंत तट्टावरून उतरून बघून आले. "हबशाचे पाय गेलेसे दिसतात, सरकार."

"मग ठेवा इथेच कुठे गावात. पाटलाला सांगा. भाकरीचं बघतील."

"गावात वैद्य नाही," गणोजी म्हणाला. "त्याची मुलगी देवासला आहे. जैनब. तिच्याकडे पोचवायला हवा."

"बैलगाडीत घाला मग."

"गाडीच्या हिसक्यानं पाठीचं होतं नव्हतं ते तुटेल. गाडीचा हिसका काय असतो, सरकारांना माहीत आहे."

भास्करपंतांनी तट्टाचा लगाम उगाच ओढला.

"मेणा उचला," जगदेवराव म्हणाले.

गणोजी हलला नाही. बापूकडे त्यानं बघितलंही नाही. पण बापू जाऊन पळसाखाली बसला, आणि एकेक करून बाकीचे पाच जण त्याच्या शेजारी. भोयाचा एक रिवाज आहे. एकदा खांद्यावर घेतलेला माणूस मुक्कामाशिवाय वाटेत सोडत नाहीत. मग पाऊस येवो, चोर येवो. बापजाद्यांपासून तो कोणी मोडला नव्हता. गणोजीला तो रिवाज पाठ होता, आणि त्यानं तो मोडला.

"मेणा उचलू," तो म्हणाला. "पण आत मरजान असेल."

"काय बकतोस?"

"वीस वर्षं तुम्हाला त्यानं खांद्यावर वागवलं. गुडघे मोडून वागवलं. तुमचा हुक्का सांडू दिला नाही. परवा तुम्हाला हौस आली, त्याला मोडला. आता मोडलेला भरून द्या म्हणत नाही. घरी पोचवू द्या म्हणतो."

"तो मुसलमान आहे! माझ्या गादीवर?"

"खांदा त्याचा चालला. गादी नाही चालत?"

जगदेवरावांनी मेण्यातूनच चाबूक मागितला. भास्करपंतांनी चाबूक पुढे केला, पण मारायला कोण जाणार? पंतांचं वय झालं होतं, आणि सरकारांना उठवत नव्हतं. शिव्या झाल्या. भोयांच्या सात पिढ्या काढून झाल्या. नोकरी गेली, राहत्या खोल्या गेल्या, फौजदारी होईल, हद्दपार करीन, सगळं बोलून झालं. ऊन डोक्यावर आलं. मेणा लाकडाचा, दारं बंद ठेवावी तर भट्टी, उघडावी तर झळा. पळसाखाली भोई बसून होते. गणोजी मरजानच्या तोंडावर फडकं धरून उभा होता.

"गणोजी," मरजान खालून म्हणाला, "उचला त्यांना. जाऊ द्या. मी पडतो इथे."

"तू तोंड उघडू नकोस. तुझ्यावर मी अजून निराळा चिडलोय."

शेवटी दमणीचा पडदा हलला. इंदिराबाईंचा आवाज सडकेवर सहसा कोणी ऐकलेला नव्हता. "दमणीत जागा आहे. दोन गाद्या एकावर एक घालते. यायचं तर यावं. मला इथे पापडासारखं वाळायचं नाही."

"तुम्ही मध्ये बोलू नका!"

"मी बोलत नाहीये. गाडीवान, बैल जुंप. ज्यांना राहायचंय ते राहतील."

गाडीवान खरोखरच बैल जुंपायला लागला. जगदेवरावांनी त्याच्याकडे बघितलं, मग लांबवर गेलेल्या मोकळ्या सडकेकडे बघितलं. मग भास्करपंतांच्या खांद्याला धरून ते उतरले आणि पाय फाकून, एकेक पाऊल टाकत, दमणीपर्यंत गेले. त्यांना तसं चालताना सातही भोयांनी बघितलं. गणोजीला वाटलं होतं, बघून बरं वाटेल. तसं वाटलं नाही. एवढी साधी गोष्ट करायला सकाळ घालवली, दुपार घालवली, एवढंच त्याच्या मनात आलं.

मरजानला मेण्यात घालताना तो रडायला लागला. पाय बाहेर येत होते. मेणा त्याच्या मापाचा नव्हता. पाय दुमडून, गुडघ्यांखाली लोड घालून त्याला बसवला. पुढे गणोजी लागला.

आणि मग वाटभर मरजाननं त्यांना छळलं. "अरे, मागचा कोण आहे? पाऊल लांब टाकतोय. बापू, खांदा बदलताना आधी सांगत जा, पोटात कळ येते. गणोजी, रस्ता सांग की! मुका झालास का?"

"सांगतो, सांगतो. समोर चढ आहे."

"चढाला असं नुसतं चढ म्हणत नाहीत. किती आहे ते सांगायचं. दम कुठे धरायचा ते सांगायचं."

"अबे राजे," बापू मागून ओरडला, "उतरून खांदा देता का?"

"देतो की, पाय आण!" मरजान म्हणाला. भोई हसले. गणोजी हसला नाही. पहिल्यांदाच तो पुढे होता. पुढे असलं की सगळा रस्ता आपल्यालाच दिसतो, आणि मागच्यांचं ओझं तोंडावर येतं. मरजाननं हे रोज केलं होतं, आणि ते गुडघे मोडून.

इंदुरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ते देवासला पोचले. माताजीची टेकडी दिसली. नाक्यावरच्या शिपायानं बंद मेणा बघून मुजरा केला. पेठेत दुकानदार उठून उभे राहिले. गणोजीनं कोणाला काही सांगितलं नाही. मेणा मोहल्ल्यात शिरला, जैनबच्या दारात टेकला, आणि दार सरकवून त्यांनी मरजानला बाहेर काढलं. तेव्हा कुठे लोकांना कळलं, कोणाला मुजरे झाले ते.

मेणा बाटला म्हणून जगदेवरावांनी तो तबेल्यात टाकला. सात भोयांना खोल्या खाली कराव्या लागल्या. बापू धामनोदला एका मालवाहू गाड्यांच्या मालकाकडे लागला. बाकीचे पांगले. गणोजी आग्र्याच्या सडकेवर खडी फोडायला बसला. मरजान वाचला. कमरेखाली तो नव्हताच, पण बाजेवर बसून सुतळी वळायचा, आणि गल्लीतल्या बायाबापड्यांना सकूरा राजाची गोष्ट सांगायचा. गोष्ट आता फुगली होती. त्यात राजा एकटा हत्ती उचलायला लागला होता. संध्याकाळी गणोजी जाऊन बसला की ओरडायचा, "फेकू नकोस! हत्ती कुठून आला? फकीर हत्ती म्हणाला होता?" दोघांचं रोज भांडण व्हायचं.

दसऱ्याच्या आधी भास्करपंत सडकेवर आले. तट्टू लांब बांधून, धोतराचा सोगा सांभाळत, खडीच्या ढिगांमधून वाट काढत.

"गणोजी, सरकारांचा राग उतरलाय. नवा मेणा आला, पण नवे भोई मिळेनात. ज्याला विचारावं तो तुझं नाव काढतो. सरकार म्हणतात, येऊन पायावर डोकं ठेव. झालं गेलं विसरू. फक्त त्या हबशाला सतवासला शेतावर धाडायचं. इथे गावात तो त्या गोष्टी सांगत बसतो, बरं दिसत नाही. तिथे खायला-प्यायला मिळेल."

गणोजी उकिडवा बसून खडी फोडत होता. त्यानं हातोडा थांबवला नाही.

"पंत, पायावर डोकं ठेवायचं तर आधी उठावं लागतं," तो म्हणाला. "मला सवड नाही."

"वेड्या, दसऱ्याला सरकारांना टांग्यातून मिरवावं लागेल."

"मिरवा म्हणावं. सडक मी चांगली करतोय."

पंत आणखी काही म्हणणार होते. एक कपची उडून त्यांच्या जोड्याजवळ पडली. ते मागे सरले, आणि निघून गेले.

गणोजीनं पुढचा दगड ओढला. तो काळा, गाठाळ, आडव्या शिरेचा होता. पहिल्या घावाला नुसती ठिणगी आली. दुसऱ्याला मनगट झिणझिणलं. शेजारचा खडीवाला म्हणाला, "भिया, वो छोड दे, दूसरा ले." गणोजीनं तो सोडला नाही. त्यानं दगड फिरवून घेतला, पायाखाली पक्का दाबला, आणि तोच फोडायला बसला.